सूर्याकडे पाठ करून उभे राहा

वाचकाचं पत्र: "ताई, माझं वय ५६. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून चालायला लागलो. रोज पहाटे तळ्याच्या कडेने पाच किलोमीटर. वजन उतरलं, साखर आटोक्यात आली, त्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्या चालणाऱ्यांच्या गटातले दोघं-तिघं सांगतात, की पहाटे झाडांत गेलं की ईश्वर अगदी जवळ आहे असं वाटतं, डोळे भरून येतात. मला असलं काही होत नाही. प्रवचनं ऐकत चाललो, नामस्मरण करत चाललो, उगवत्या सूर्यासमोर हात जोडून उभा राहिलो. मनात येतं ते एवढंच, की आज कुणाकुणाला फोन करायचेत. लहानपणी मी तासन्‌तास मुंग्या बघत बसायचो. तो मुलगा कुठे गेला? माझ्यातच काही कमी आहे का? आणि पत्नीला सोबत यायचंय, पण ती सारखी बोलते, मग एकाग्रता कशी होणार? – एक कोरडा माणूस"

स. न.

तुमच्यात काही कमी नाही. उलट पहाटेच्या त्या तासाभरात तुम्ही नको इतकी कामं अंगावर घेतली आहेत. पायांनी वेग राखायचा, मनगटावरचा आकडा बघायचा, कानांनी प्रवचन ऐकायचं, ओठांत नाम ठेवायचं. आणि या सगळ्यावर एक पहारेकरी नेमलाय तो वेगळाच: "वाटलं का काही? अजून नाही? आता?" पहिली चार कामं माणूस कशीबशी निभावून नेईल. हे पाचवं मात्र सगळ्यांवर पाणी फिरवतं. समोर सूर्य उगवत असतो आणि तुम्ही तपासत असता, की आपल्या आत काही हललं का.

भारावून जाणं आपल्या हातात नसतं. बघणं असतं. भारावायचंच म्हणून निघालात की नजर आत वळते आणि ज्याने भारावून जायचं ते बाहेरच राहतं. तेव्हा काही दिवस ईश्वराचा, शांततेचा, डोळे भरून येण्याचा हिशेब बंद ठेवा आणि नजर बाहेर लावा. कशाकडे, तेही सांगते. नुसतं 'निसर्गाशी एकरूप व्हा' असं सांगणाऱ्यांचा मला स्वतःला कधी काही उपयोग झालेला नाही.

आधी त्या मुंग्या बघणाऱ्या मुलाबद्दल. तो कुठेही गेलेला नाही, त्याचा मेंदू तरबेज झालाय इतकंच. येवगेनी सोकोलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने गेल्या शतकात यावर पुष्कळ काम केलं. एकच आवाज पुन्हा पुन्हा ऐकवला की सुरुवातीला कान टवकारणारा मेंदू हळूहळू त्याची दखल घेणं सोडून देतो. आवाजात थोडा बदल करा, कान परत टवकारले जातात. यात कुणाचा दोष नाही. वाटेतलं प्रत्येक पान आपण रोज नव्याने न्याहाळत बसलो असतो तर रस्ता ओलांडणंही जमलं नसतं. मुलाला मुंगी नवी होती, त्याला नवल फुकट मिळालं. तुम्हाला ते तळं पाठ झालंय. पाठ झालेल्या गोष्टीला आडवाटेने भिडावं लागतं. आपण कूस बदलतो तशी जागा बदला, दिशा बदला, उंची बदला. कधी गुडघे टेकून बघा.

दिशेपासून सुरुवात करू. उद्या आकाश निरभ्र असेल तर सूर्योदयाच्या पंधरा-वीस मिनिटं आधी तळ्याशी पोहोचा आणि पूर्वेकडे पाठ करून उभे राहा. पश्चिमेचं क्षितिज मोकळं दिसायला हवं. तळ्याकाठी ते दिसेल असं धरते. तिथे अगदी खाली, क्षितिजाला चिकटून, निळसर-करडा पट्टा दिसेल आणि त्याच्यावर फिकट गुलाबी. खालचा करडा पट्टा ढगाचा नाही, धुक्याचाही नाही. ती पृथ्वीची सावली आहे. ज्या गोलावर तुम्ही उभे आहात त्याची सावली त्याच्याच हवेवर पडलेली असते. वरची गुलाबी झाक म्हणजे त्या सावलीच्या पलीकडे, वरच्या हवेत, आधीच पोहोचलेला तांबूस प्रकाश. सूर्य जसजसा वर यायला लागतो तसतसा करडा पट्टा खाली खाली बुडत जातो. पाच-दहा मिनिटं हललाच नाहीत तर त्याचं बुडणं डोळ्यांना कळतं. तुमच्या डोळ्यांदेखत रात्र मावळत असते.

गटातली मंडळी तेव्हा पूर्वेकडे फोन धरून उभी असतील आणि तुमच्याकडे जरा विचित्र नजरेने बघतील. बघू द्या.

हा पट्टा रोज, निरभ्र आकाशात, कुणी बघो न बघो, उगवतीच्या आधी पश्चिमेला असतोच. तुम्ही चालायला लागल्यापासून अशा कितीतरी पहाटे तो तुमच्या पाठीमागे होता. हे वाचून तुम्हाला थोडं गंमतशीर आणि थोडं खजील वाटलं असेल, तर आपण योग्य जागी आलो आहोत.

आता सूर्य वर आलाय असं धरा. गवतावर दव आहे, सूर्य तुमच्या पाठीशी आहे आणि तुमची लांबलचक सावली गवतावर पडली आहे. सावलीच्या डोक्याभोवती बघा. तिथे उजळ, पांढुरकी प्रभा दिसेल, देवादिकांच्या चित्रांत असते तशी. दवाचा प्रत्येक थेंब उजेड एकवटून मागच्या पात्यावर टाकतो आणि तो उजेड बराचसा आल्या वाटेनेच परत फिरतो. त्या वाटेवर, सूर्य आणि थेंब यांच्या रेषेत, फक्त तुमचे डोळे असतात. म्हणून ती प्रभा तुम्हाला तुमच्याच डोक्याभोवती दिसते. शेजारच्याच्या सावलीभोवती ती तुम्हाला दिसणार नाही. त्याला विचाराल तर तो म्हणेल, "छे, ती माझ्या डोक्याभोवती आहे, तुमच्या नाही."

सोळाव्या शतकात इटलीत बेन्वेनुतो चेलिनी नावाचा सोनार आणि शिल्पकार होऊन गेला. मोठा कारागीर, आणि स्वतःबद्दलचं मतही तसंच मोठं. त्याने आत्मचरित्रात हीच प्रभा नोंदवून ठेवली आहे: सूर्योदयानंतरचे दोनेक तास ती सावलीवर दिसते आणि गवत दवाने ओलं असेल तर फारच छान दिसते. निरीक्षण बिनचूक. पण तुरुंगात झालेल्या एका दिव्य दर्शनाची ती खूण आहे, आपल्यावरची खास कृपा आहे, असं त्याने धरलं. शेजारी उभ्या माणसाला त्याची स्वतःची प्रभा दिसते का, एवढं त्याने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

चेलिनीला हसायला मी हे सांगत नाही. पहाटेच्या चालण्यातल्या अध्यात्माची वाट नेमकी इथे फुटते, असं मला वाटतं. एकीकडे 'हे माझ्यासाठी घडतंय', दुसरीकडे 'हे घडतंय आणि मी इथे आहे'. तुमच्या मित्रांचे डोळे भरून येतात ते खरंच असेल, मी शंका घेत नाही. पण तुम्ही त्यांच्या डोळ्यांशी स्वतःच्या डोळ्यांची तुलना करायला लागलात की तुम्हीही आपल्या डोक्याभोवती प्रभा शोधायला लागता. पृथ्वीच्या सावलीत ही सोय नाही. ती कुणाची खाजगी नसते.

दवाकडे आलोच आहोत तर गुडघे टेकाच. गवताच्या पात्यावर सगळीकडे बारीक थेंब असतात, ते दव. रात्री पातं आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडत राहतं, भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतं आणि हवेतल्या वाफेचं त्याच्यावर पाणी होतं. पण काही पात्यांच्या अगदी टोकाला एकच टपोरा थेंब तोलून उभा असतो. तो बहुतेक वेळा दव नसतोच. रात्री पानांची रंध्रं मिटलेली असतात, मुळं मात्र ओल्या मातीतून पाणी घेत राहतात. त्या दाबाने वर आलेलं पाणी पात्याच्या टोकाच्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर पडतं. एक पाणी हवेतून उतरलेलं, एक जमिनीतून चढलेलं, आणि दोन्ही एकाच पात्यावर. कुठलं कुठलं ते ओळखायचा प्रयत्न करा. चुकलात तरी हरकत नाही. त्या दोन मिनिटांत तुम्हाला फोन करायच्या माणसांची आठवण होणार नाही, एवढं नक्की.

माहिती झाली की नवल मरतं, असं पुष्कळांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. काय बघायचं हेच माहीत नसेल तर माणूस 'किती सुंदर' म्हणतो आणि पुढे जातो.

एक झाडही निवडा. चिंच, शिरीष अशी, रात्री पानं मिटून घेणारी झाडं बरी. अंधार असतानाच त्याच्यापाशी जा, म्हणजे मिटलेली पानं बघायला मिळतील. मग पुढे जा आणि परतताना पुन्हा थांबा. १७२९ मध्ये ज्यां-जाक द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने पानं मिटणारं असंच एक रोपटं पूर्ण अंधारात ठेवून पाहिलं. ऊन नाही, उजेड नाही, तरी पानं वेळेवर उघडत आणि मिटत राहिली. म्हणजे झाड उजेडाला नुसता होकार देत नव्हतं, त्याच्या आत स्वतःचं घड्याळ चालू होतं. असं घड्याळ तुमच्याही आत आहे. गजर होण्याच्या दोन मिनिटं आधी जाग येते ना, तिला तेही कारण असतं.

आता कानांबद्दल. चालताना प्रवचन बंद. प्रवचन ऐकू नका असं म्हणत नाही, घरी निवांत बसून ऐका. पण निसर्गात ईश्वर कसा भरलाय हे कानात कुणी सांगत असेल आणि त्यामुळे बाहेरचे पक्षी ऐकू येत नसतील, तर हा व्यवहार मला तोट्याचा वाटतो. पहाटेचे पक्षी सगळे एकदम सुरू होत नाहीत. ज्यांचे डोळे मोठे, ते साधारणपणे आधी बोलायला लागतात, कारण अंधुक उजेड त्यांना लवकर पुरतो, असं अभ्यासकांना आढळलंय. तेव्हा अंधारात उभं राहून पहिला आवाज कुणाचा, दुसरा कधी मिसळला, हे ऐकत राहणं हा पुरेसा कार्यक्रम आहे. पक्ष्याचं नाव माहीत नसलं तरी चालतं. आणखी एक सांगते. पक्ष्याचा आवाज आपल्यासारखा गळ्याच्या वरच्या टोकाला तयार होत नाही. श्वासनलिका खाली जिथे दोन फाट्यांत विभागते तिथे होतो, आणि काही गाणारे पक्षी दोन्ही बाजू वेगवेगळ्या वापरून एका वेळी दोन सूर काढतात. एकाच पक्ष्याच्या आवाजात कधी दोघांचा भास झाला तर कान बिघडले असं समजू नका.

नामस्मरणाचं थोडं वेगळं आहे. नाम आपसूक चालत असेल, पावलाबरोबर, श्वासाबरोबर, तर त्याला हात लावू नका. पण 'नाम घेतलं की काहीतरी वाटेल' म्हणून घेत असाल तर काही दिवस राहू द्या. देवाला आपल्याकडून तेवढी सुट्टी चालेल.

हे अध्यात्म कसलं, हे तर शाळेतलं विज्ञान, असं तुमच्या मनात येईल. भागवताच्या अकराव्या स्कंधात एक अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. ती यादी आपण आदराने ऐकतो आणि विसरून जातो. आता पुन्हा वाचून बघा. पृथ्वी, वारा, पाणी, अजगर, पतंग, मधमाशी, हत्ती, मासा. एक बाण करणारा कारागीरही आहे, कामात इतका गढलेला की राजाची स्वारी शेजारून गेली तरी त्याला पत्ता नाही. आणि कोळी आहे. अवधूत सांगतो, की कोळी स्वतःतून धागा काढतो, त्यात खेळतो आणि पुन्हा तो गिळून टाकतो, तसा ईश्वर हे जग आपल्यातून पसरतो आणि आपल्यातच आवरून घेतो. जाळी विणणारे कितीतरी कोळी खरोखरच जुनं जाळं खाऊन टाकतात आणि त्यातलीच प्रथिनं वापरून नवं रेशीम तयार करतात. म्हणजे हा दृष्टांत डोळे मिटून सुचलेला नाही. कुणीतरी कधीतरी कोळ्यापुढे बराच वेळ बसलं होतं. आधी बघणं झालं, ईश्वर नंतर आला.

त्या यादीत आणखी एक गोष्ट आहे, ती सकाळच्या सुंदर फोटोंतून गाळली जाते. अवधूताचे कितीतरी गुरू मरतात किंवा अडकतात. पतंग आगीत जातो. मासा गळाला लागतो. कबुतराची पिल्लं जाळ्यात सापडतात, मागोमाग मादी, मग नर. तुमच्या तळ्याकाठीही कधी घरट्यातून पडलेलं पिल्लू दिसेल, मुंग्या लागलेलं. तिथून मान फिरवून उगवतीकडे बघायचं आणि प्रसन्न व्हायचं, हे अध्यात्म मला जमत नाही आणि तुम्हाला जमत नसेल तर मला बरंच वाटेल. थांबा. मुंग्यांकडे बघा. तुम्ही त्यांचे जुने ओळखीचे.

अशा बघण्याचा उपयोग काय, हे कुणी मोजलंय का? थोडंसं मोजलंय. २०२० मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या संशोधकांनी साठीपुढच्या ५२ जणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठ आठवडे, आठवड्यातून एकदा, पंधरा मिनिटं चालायचं. निम्म्यांना एवढंच सांगितलं होतं. उरलेल्यांना सांगितलं, की नवल वाटेल अशा गोष्टींकडे नव्या नजरेने बघत चाला. प्रत्येकाने चालताना स्वतःचा फोटोही काढायचा होता. आठवडे सरत गेले तसे नवलाने चालणाऱ्यांच्या फोटोंत त्यांचे स्वतःचे चेहरे लहान होत गेले आणि मागचं दृश्य मोठं. रोजच्या जगण्यात कृतज्ञता, करुणा जास्त वाटते, असंही त्यांनी नोंदवलं. ५२ माणसांच्या अभ्यासावर मी मंदिर बांधणार नाही. पण चेहरा लहान होत जाण्याची ती खूण मला फार आवडली. तुम्हाला काही मोजायचंच असेल तर पावलं सोडून हे मोजा: आज चालताना स्वतःचा विचार किती कमी वेळ केला. पण मग तोही पहारेकरीच झाला की! नको. काहीच मोजू नका.

पाच किलोमीटरचं काय करायचं? बौद्ध परंपरेत चंक्रमण आहे, चालत करायचं ध्यान. त्याची वाट अगदी छोटी असते. या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. कुठे पोहोचायचंच नसल्यामुळे प्रत्येक पावलाकडे लक्ष द्यायला माणूस मोकळा होतो. तुम्हीही तळ्याच्या कडेचा पन्नास-साठ पावलांचा एक तुकडा पक्का करा आणि रोजची पहिली पंधरा मिनिटं तिथेच घालवा, मध्येमध्ये थांबत. रोज तोच तुकडा. नव्या नव्या जागा धुंडाळण्याची हौस असेल तर ती रविवारी भागवा. एकच जागा ऋतूमागून ऋतू बघितली की काय बदललं ते कळायला लागतं, आणि ते कळायला लागलं की जागा पाठ राहत नाही.

फोटो काढायचा असेल तर आधी पोटभर बघा, मग काढा.

एक गंभीर गोष्ट, थोडक्यात. तुमच्या पत्रात मला फक्त पहाटेबद्दलची तक्रार दिसली. पण पहाटच नव्हे तर जेवण, गाणं, नातवंडं, मित्र, कशातच गोडी वाटेनाशी झाली असेल आणि ते दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर ते कोरडेपण अध्यात्माच्या खात्यातलं नाही. ज्या डॉक्टरांनी चालायला सांगितलं त्यांनाच हेही सांगा. ते आजाराचं लक्षण असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंत, की पत्नीला सोबत यायचंय, पण ती सारखी बोलते, मग एकाग्रता कशी होणार. त्यांना जरूर न्या. एकट्याला कोळ्याचं जाळं सापडायला महिना लागतो, दोघांना आठवडा. पहिल्या पंधरा मिनिटांत दोघांनी मिळून एकच गोष्ट शोधायची, बोलायचं ते तिच्याबद्दलच, असं ठरवून टाका. दवातली ती प्रभा दोघांनी शेजारी उभं राहून बघा आणि कुणाची खरी यावर खुशाल भांडा. नंतर परतीच्या वाटेवर डॉक्टरांनी सांगितलेल्या वेगाने, घाम येईपर्यंत चाला आणि वाटेल तितक्या गप्पा मारा. फोन कुणाकुणाला करायचेत तेही तेव्हाच ठरवता येईल.

तुमची ताई